घरमालक न विचारता आत येतात आणि घरात कुत्री एकटी असते

प्रश्न : मी रत्नागिरी शहरात नोकरी करते. गेल्या सप्टेंबरपासून एका कौलारू घराचा अर्धा भाग भाड्याने घेतला आहे. दुसऱ्या अर्ध्यात घरमालक काका आणि काकू राहतात. ११ महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेला आहे, नोंदणी झालेली नाही. करारात प्राण्यांविषयी एक अक्षरही नाही. पण घर ठरवतानाच मी काकांना व्हॉट्सअ‍ॅपवर माझ्या कुत्रीचा फोटो पाठवून विचारलं होतं. 'चालेल, घाण होता नये' असं त्यांचं उत्तर आलं होतं.

काकांकडे दुसरी किल्ली आहे. मी कामावर असताना ते कधी पडवीतला पंप लावायला, कधी माळ्यावरची आंब्याची आढी परतायला आत येतात. मे महिन्यात त्यांनी गड्याला पाठवलं. त्याने मागचं दार उघडं टाकलं आणि कुत्री बाहेर पळाली. रात्री हायवेच्या कडेला सापडली, पुढचा पाय दुखावलेला होता. बोलायला गेले तर काका म्हणाले, 'घर माझं. लायसन्सवर दिलंय म्हणजे ताबाही माझाच. मी माझ्या घरात विचारून यायचं? आणि ती मला चावली तर केस तुझ्यावर होईल.' काका एरवी वाईट नाहीत. मला ताप आला तेव्हा काकूंनी दोन्ही वेळ पेज आणून दिली. करार जुलैअखेर संपतो. किल्ली परत मागू का? पोलिसांत जाऊ का? की घरच सोडू?

उत्तर : ताई, आधी काकांचं ते ताब्याचं वाक्य तपासू, कारण ते बोलल्यावर तुम्ही गप्प झालात असं तुमच्या पत्रावरून वाटतं. तसं गप्प होण्याचं कारण नाही.

लायसन्स म्हणजे नुसती राहण्याची परवानगी, तिने जागेत कसला हक्क निर्माण होत नाही, हे १८८२च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. काकांनी कुठेतरी एवढंच ऐकलेलं दिसतं. पण राहत्या जागांसाठी आपल्या राज्यात महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आहे आणि त्याचं कलम २८ नेमकं याच प्रसंगासाठी आहे. घरमालकाला जागेची पाहणी करण्याचा हक्क आहे, पण वाजवी वेळी आणि आधी सूचना देऊन, असं ते कलम सांगतं. ते फक्त भाडेकरूपुरतं नाही. लायसन्सवर दिलेली जागा आणि लायसन्सी (म्हणजे लायसन्सवर राहणारा) हे दोन्ही शब्द त्या कलमात स्पष्ट लिहिलेले आहेत. म्हणजे करार लायसन्सचा आहे म्हणून सूचना नको, ही पळवाट कायद्याने ठेवलेलीच नाही. मालकी काकांची आहे, याबद्दल कुणाचाच वाद नाही. वाद आहे तो उंबरठा कधी आणि कसा ओलांडायचा एवढ्याचा, आणि त्याचं उत्तर कलम २८ देतं.

आता त्यातला 'पाहणी' हा शब्द जपून वाचा. भिंतीला ओल आली आहे का, वासे वाळवीने खाल्लेत का, नळ गळतो का, हे बघायला येणं म्हणजे पाहणी. आढी परतणं म्हणजे पाहणी नव्हे. तो माळ्याचा वापर झाला. म्हणून तुमच्या प्रकरणात खरा प्रश्न असा आहे की माळा तुम्हाला दिला होता की काकांनी स्वतःकडे ठेवला होता? करारात 'घराचा अर्धा भाग' एवढंच लिहिलं असेल तर तुमच्या खोलीतून जिना चढणारा माळा त्यात धरला जाईल असं मला वाटतं. पण घर घेताना 'आंब्याच्या दिवसांत मी माळा वापरीन' असं ते म्हणाले असतील आणि तुम्ही मान डोलावली असेल, तर ते मान्य करा आणि फक्त वेळेचं बोला. पंपाचंही तेच. विहिरीच्या पाण्यावर दोन्ही बिऱ्हाडं चालत असतील तर पंपापाशी कुणीतरी जाणारच. त्याची वेळ ठरवता येईल, किंवा स्विच बाहेर घेता येईल. वायरमनचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. कोर्टात जाण्यापेक्षा मला ते शंभरदा बरं वाटतं.

सूचना किती आधी द्यायची हे कलम २८ तासांत सांगत नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये राज्यांपुढे ठेवलेल्या नमुना भाडे कायद्यात किमान २४ तास आधी लेखी किंवा मोबाइलवर सूचना, येण्याचं कारण, आणि सूर्योदयापूर्वी किंवा सूर्यास्तानंतर प्रवेश नाही, असं म्हटलं आहे. आपल्याकडे १९९९चाच कायदा चालतो, त्यामुळे त्या नमुन्यावर बोट ठेवून काकांशी भांडता येणार नाही. पण नव्या करारात घालायला ते २४ तास उत्तम माप आहे. काहीही असो, कुलूप उघडत 'आहे का कोणी' अशी हाक मारणं ही सूचना होत नाही. तुमच्या घरात मुकं जनावर एकटं असतं, म्हणून सूचनेचं महत्त्व आणखी वाढतं. आधी कळलं तर तुम्ही तिला दुसऱ्या खोलीत ठेवाल, शेजारी सोडाल, नाहीतर स्वतः थांबाल. न कळता दार उघडलं की काय होतं ते मे महिन्यात दिसलंच.

दोन ठिकाणी मात्र तुम्हीही अडून बसू नका. पावसाळ्यापूर्वीची शाकारणी, फुटकी कौलं बदलणं, गळती काढणं ही दुरुस्ती कायद्याने घरमालकाच्याच गळ्यात आहे (कलम १४), तेव्हा त्यासाठी ते वेळ मागतील ती द्या आणि त्या दिवशी कुत्रीची सोय करा. दुसरं संकटाचं. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते आलं, त्याच जुलैत चिपळुणात पाणी भरलं. अशा वेळी कौलं उडत असताना किंवा पाणी आत शिरत असताना काकांनी दार उघडून कुत्रीला बाहेर काढलं तर ती तुमच्यावर मेहेरबानीच. तशा वेळी सूचनेची वाट कुणी पाहू नये.

त्यासाठी किल्लीचा एक मार्ग सुचवते. घरमालकाने दुसरी किल्ली ठेवलीच पाहिजे असं कायदा म्हणत नाही, ठेवू नये असंही म्हणत नाही. तुम्ही कडीला स्वतःचं कुलूप लावा. दार कोरू नका, जुनं कुलूप काढू नका. त्या कुलपाची एक किल्ली पाकिटात घालून, पाकिटाच्या तोंडावर सही करून काकूंकडे ठेवायला द्या. संकटात पाकीट फोडायचं आणि लगेच तुम्हाला फोन करायचा. यात काकांना घर बंद केलं असं होत नाही आणि पाकीट फुटलं की तुम्हाला कळतं.

चावण्याबद्दल. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ मध्ये आपल्या ताब्यातल्या प्राण्याबाबत निष्काळजीपणा करणाऱ्याला शिक्षा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण त्यासाठी माणसाच्या जिवाचा किंवा गंभीर दुखापतीचा संभवणारा धोका टाळण्यात तुमच्याकडून कसूर व्हावी लागते. स्वतःच्या बंद घरात कुत्री मोकळी ठेवणं याला मी कसूर म्हणणार नाही. उलट काकांनी सूचना दिली, ठरल्या वेळी आले आणि तरी ती मोकळी होती, तर चूक तुमची ठरू शकते. हे दोन्ही बाजूंनी लागू आहे, विसरू नका. रेबीजच्या लशीचं कार्ड अद्ययावत ठेवा आणि दोन्ही दारांवर 'आत कुत्रा आहे' अशी पाटी लावा. आणि उद्या खरंच कुणाला दात लागला तर कोण चुकलं हे नंतर. आधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सिव्हिल हॉस्पिटलात नेऊन लस सुरू करायची.

पोलिसांकडे जाऊ का, असं विचारलंत. आज नको. न्याय संहितेच्या कलम ३२९ मध्ये गृह-अतिक्रमणाला एक वर्षापर्यंत कैद आहे, पण नुसतं परवानगीशिवाय शिरणं पुरत नाही. गुन्हा करण्याचा, किंवा राहणाऱ्याला धमकावण्याचा, अपमान करण्याचा वा त्रास देण्याचा हेतू दिसावा लागतो. आढी बघायला आलेल्या माणसात तो हेतू दाखवणं कठीण आहे. गड्याचंही तसंच. प्राण्याला जायबंदी करण्याचं कलम ३२५ मुद्दाम किंवा जाणूनबुजून केलेल्या कृत्याला लागतं, दार उघडं राहण्याला नाही. खाली सांगते ते पत्र काकांना पोचल्यावरही कुणी तुम्हाला जेरीस आणायला शिरलं, कुत्रीला मारलं, किंवा तुम्ही आत असताना कुणी पुरुष तुमच्या खासगीपणात घुसला, तर मात्र एक दिवसही थांबू नका. त्या वेळी हे पत्रच तुमचा पहिला पुरावा असेल.

तर पत्र लिहा. भाषा साधी, राग नको. मी असं लिहीन :

'ती. काकांस, सा. न. मे महिन्यात मी घरी नसताना मागचं दार उघडं राहून माझी कुत्री बाहेर गेली व जखमी झाली. हे पुन्हा होऊ नये म्हणून विनंती करते की घराची पाहणी किंवा दुरुस्ती करायची असेल तेव्हा किमान एक दिवस आधी मला फोन किंवा मेसेज करावा. मी वेळ देईन आणि कुत्री बांधून ठेवीन. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २८ नुसारही पूर्वसूचना आवश्यक आहे. आग, पूर, वादळ अशा वेळी काकूंकडील बंद पाकिटातली किल्ली वापरून आत यावं व मला लगेच कळवावं. माळा आणि पंप यांच्या वापराची वेळ आपण बसून ठरवू. कुत्रीच्या उपचाराचं बिल सोबत जोडलं आहे, त्यातला काही भार आपण उचलावा असं वाटतं.'

एक प्रत हातात द्या, दुसरीवर त्यांची सही आणि तारीख घ्या. सही दिली नाही तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका. कुत्रीला होकार दिलेला तो जुना मेसेज पुसू नका, फोन बदललात तर जुना विकू नका. नुसत्या स्क्रीनशॉटवर वाद होतात. मूळ मेसेज फोनमध्ये असला की कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणारं, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र देणं सोपं जातं.

त्या मेसेजला वजन आहे, कारण तुमचा करार नोंदलेला नाही. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे 'कुत्री चालणार नाही असं ठरलं होतं' हे आता काकांना सिद्ध करावं लागेल, आणि मेसेज तुमच्या बाजूने बोलतो. नोंदणी न करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंडही आहे. पण हे काकांना धमकी म्हणून ऐकवू नका. पेज आणून देणाऱ्या घराशी तसं बोलायचं नसतं, आणि बोलून फायदाही होत नाही.

सोसायट्यांनी प्राण्यांवर बंदी घालू नये अशी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची २०१५ची मार्गदर्शक तत्त्वं तुम्हाला कुणीतरी पाठवील. ती सोसायट्यांसाठी आहेत. एखादा मालक स्वतःच्या घराच्या करारात प्राणी नकोत असं लिहू शकतो. खासगीपणाच्या मूलभूत हक्काचा २०१७चा सर्वोच्च न्यायालयाचा निकालही मुख्यतः सरकारपुढे ढाल आहे. शेजारच्या काकांशी बोलताना कलम २८ पुरे.

घर सोडायचं का? मुदत संपेपर्यंत तुम्हाला कुणी बाहेर काढू शकत नाही. कराराच्या अटींप्रमाणे नोटीस दिली तरी सामान रस्त्यावर टाकणं, कुलूप घालणं बेकायदाच. राहणाऱ्याला कायद्याच्या वाटेनेच काढता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये कृष्णा राम महाळे प्रकरणात स्पष्ट केलं आहे. पाणी किंवा वीज तोडून त्रास देणं कलम २९ खाली गुन्हा आहे. पण जुलैनंतरचं खरं सांगते. काकांनी करार वाढवला नाही तर जावं लागेल. मुदत संपल्यावर अडून राहिलात तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज होईल आणि त्या काळासाठी भाड्याच्या दुप्पट रक्कम भरावी लागेल. म्हणून हक्कासाठी बोला, पण नवा करारही त्याच बैठकीत मागा.

नवा करार नोंदवूनच घ्या. मुद्रांक शुल्क मुदतीतल्या एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के असतं, अनामत रकमेवरच्या धरलेल्या व्याजासकट, आणि शहरात नोंदणी फी १,००० रुपये. अर्धा खर्च तुम्ही उचला म्हणजे काका नाही म्हणणार नाहीत. त्यात कुत्रीचा उल्लेख नावानिशी असू द्या, 'एक पाळीव कुत्री, लस दिलेली' असं. २४ तासांची सूचना, माळ्याचे महिने, पंपाची वेळ, पाकिटातली किल्ली हे सगळं लिहा. ती रात्री भुंकते का, अंगणात घाण करते का, याची जबाबदारीही स्वतःवर लिहून घ्या. शेजाऱ्यांना उपद्रव हे भाडेकरूला काढण्याचं कारण कलम १६ मध्ये आहेच आणि काकूंच्या तुळशीपाशी कुत्री गेली तर तक्रार खरी असेल.

काकांनी पत्रानंतरही ऐकलं नाही तर दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे मनाई हुकूम मागता येतो. त्याआधी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७च्या कायद्याने स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, आणि दोन्ही बाजूंना समोर बसवून मध्यस्थीही करतात. फोन करायचा असेल तर १५१००. करार जुलैअखेर संपतो आहे, म्हणून पत्र याच आठवड्यात द्या, आणि काकू घरी असतील तेव्हा द्या.