नळ नवे, पाईप किती जुने? घर घेणाऱ्यांचे प्रश्न

गिझर दहा वर्षांचा आहे. आयुष्य पंधरा वर्षं धरतात म्हणे. म्हणजे अजून पाच वर्षं उरली ना?

वजाबाकी वयाची करायची नसते, झिजेची करायची असते. पाणी क्षारयुक्त असेल तर तोच गिझर लवकर जातो. टाकीतला अ‍ॅनोड रॉड स्वतः गंजून टाकीला वाचवतो. तो संपला की टाकीची पाळी. रॉड शेवटचा कधी बदलला ते विचारा. उत्तर मिळालं नाही तर टाकी उघडून तपासून घ्या.

घराच्या पाहणी अहवालात ‘यंत्रणा चालू स्थितीत’ असं लिहिलंय. पुरेसं आहे?

पाहणीच्या दिवशी चालू होती, एवढंच कळलं.

बाथरूममधले नळ, टाइल्स सगळं नवं आहे. प्लंबिंगही नवंच धरायचं ना?

हाच प्रश्न वेष बदलून पुन्हा पुन्हा येतो. नळ भिंतीबाहेर असतात, पाईप भिंतीत. जुन्या घरांत ते बहुधा जीआयचे, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचे. ते आतून गंजतात, गंज साचून पोकळी अरुंद होते आणि बाहेरून वर्षानुवर्षं काही दिसत नाही. नळ बदलणं स्वस्त, भिंत फोडणं महाग. विकायच्या आधी काय बदललं जातं ते ओळखा! दुरुस्तीत तांब्याचा पाईप थेट जीआयला जोडला असेल तर त्या सांध्यापाशी गंज आणखी वेगाने धरतो.

रात्रभर नळ बंद राहिले की सकाळी जा. पहिलं पाणी पांढऱ्या बादलीत घ्या, तांबूस दिसतं का बघा. मग दोन-तीन नळ एकदम सोडा आणि धार किती मंदावते ते पाहा. टाकी कमी उंचीवर असली तरीही धार मंदावते, म्हणून निदान स्वतः करू नका, प्लंबरला न्या. विकणाऱ्याच्या ओळखीचा नको. ‘सगळं पाईपिंग बदललंय’ हे तोंडी ऐकू नका. बिल आणि काम चालू असतानाचे फोटो मागा.

पंपाची मोटर रिवाइंड केलीय, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळलीय. नवी समजू?

नाही. वायंडिंग नवं, बेअरिंग आणि सीलचं काय?

एसीत दरवर्षी गॅस भरावा लागतो. एजंट म्हणतो, गॅस संपतोच.

वापरून संपत नाही, गळतो. गळती न शोधता गॅस भरत राहणं हा निव्वळ धंदा. यंत्र जुनं असेल तर पाटीवर आर-२२ (एसीतल्या एका जुन्या गॅसचं नाव) लिहिलंय का बघा. ओझोनचा थर वाचवण्यासाठीच्या १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार तो वायू टप्प्याटप्प्याने बंद होतोय, त्यामुळे कॉम्प्रेसर धडधाकट असला तरी हिशेबात उरलेलं आयुष्य कमीच धरावं लागतं. तंत्रज्ञाचं मत लेखी घ्या आणि भाव ठरण्याआधी मूल्यांकनकाराला दाखवा.