शेवभाजीला करी म्हणायचं का?

प्रश्न : ताई, नमस्कार. माझी लेक लग्नानंतर लेस्टरला असते. तिच्याबरोबर तिथला एक शेजारी आमच्याकडे आला होता. शेवभाजी दोनदा मागून घेतली आणि म्हणाला, 'छान करी आहे, पण करी मुळात आम्हा इंग्रजांची.' आमचे हे जाम चिडले. खरं काय? – एक वाचक, भुसावळ

उत्तर : ह्यांना सांगा, पाहुणा अगदीच थापा मारत नव्हता. पदार्थ आपले; पण दक्षिणेतल्या सांबारापासून बंगालच्या झोलापर्यंत सगळ्यांना एकाच नावाने हाक मारायची खोड साहेबाची. नाव तमिळकडून पोर्तुगीजांकडे आणि तिथून इंग्रजांकडे गेलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. काहीजण १३९०च्या सुमाराचं इंग्रजी पाककृतींचं हस्तलिखित पुढे करतात, त्याच्या नावात 'क्युरी' आहे म्हणून. त्यात दम नाही. त्याचा अर्थ नुसता स्वयंपाक.

खरी गंमत १७४७ची. लंडनच्या हॅना ग्लासबाईंच्या पुस्तकात हिंदुस्थानी पद्धतीची करी आहे. मसाला काय, तर मिरी आणि धणे, आणि ते विस्तवावर भाजायचे स्वच्छ फावड्यात! हळद, आलं पुढच्या आवृत्त्यांत आलं. १७८४पर्यंत लंडनात तयार करी पावडरीची जाहिरात झळकली होती. १८६१च्या बीटनबाईंच्या इंग्रजी पाकपुस्तकातल्या कोंबडीच्या करीत तर चमचाभर पावडर, चमचाभर मैदा, एक सफरचंद आणि वरून साय. हे मात्र खुशाल त्यांचं म्हणा, आपण हक्क सांगायला जाऊ नये. (पाटण्याच्या दीन मुहम्मदांनी १८१०मध्ये लंडनात हिंदुस्थानी खाणावळ काढली होती. दोन वर्षांत दिवाळं निघालं बिचाऱ्यांचं.)

यावर आपल्याकडचं ठरलेलं उत्तर असतं, 'आम्ही प्रत्येक भाजीला ताजा मसाला वाटतो, डब्यातली पावडर हे गोऱ्यांचं खूळ.' पुण्या-मुंबईत कुणी म्हणो, खानदेशात बसून असं बोलू नये. उन्हाळ्यात धणे, खोबरं, दगडफूल, तमालपत्र, लवंगा भाजून वर्षाचा काळा मसाला आपणच करून ठेवतो ना? मग शेवभाजी असो, पातोड्यांचा रस्सा असो की मटण, चमचा त्याच बरणीत जातो. पावडर आपल्याकडेही आहे, तिच्यामागे कष्ट मात्र वेगळे आहेत. कांदा सालीसकट विस्तवात भाजायचा, खोबऱ्याची वाटी थेट जाळावर धरून पार काळपट करायची, लसूण-आल्याबरोबर बारीक वाटायचं आणि ते वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं. घाई करणाऱ्याची शेवभाजी इथेच बिघडते. मसाला त्यानंतर, मग आधणाचं पाणी. तर्री वर आली की समजायचं जमलं. शेव पानात वाढताना घालायची, आधी घातली तर पिठलं होतं. बीटनबाईंचा दाटपणा मैद्याचा, आपला कांद्याखोबऱ्याचा. पाहुण्याला सांगायचं तर हेच सांगा.

आणि ह्यांनी 'सगळं मूळचं आमचंच' असा हट्ट धरला, तर नंदुरबारच्या बाजारातले मिरचीचे ढीग आठवून द्या. ती मिरची अमेरिकेतून पोर्तुगीजांनी आणलेली. सोळाव्या शतकाआधी आपल्याकडेही तिखटाची भिस्त मिरीवर होती. ग्लासबाईंची मिरी-धण्यांची करी त्या हिशेबाने आपल्या पणज्यांच्या पणज्यांना फारशी परकी वाटली नसती, फावडं सोडून.

प्रश्न : सुनेने विलायतेतून करी पावडरचा डबा आणलाय. काळ्या मसाल्याऐवजी शेवभाजीत चालेल का? – एक वाचक, अमळनेर

उत्तर : नाही. त्यात हळद आणि मेथीच पुढे पुढे करतात, रस्सा पिवळा आणि कडवट होईल. उकडलेल्या अंड्यांना किंवा बटाट्याच्या काचऱ्यांना चिमूट चिमूट लावून संपवा. सुनेसमोर 'वास छान आहे' म्हणायला विसरू नका.