परड्यात पिल्लांपासून कोंबड्या वाढवायच्या असतील तर

आपण विचारले आहे की, बेळगावजवळ कडोलीला घरामागे दीड गुंठ्याचे परडे मोकळे आहे, घरात आई-वडील, पत्नी आणि ९ व ६ वर्षांची दोन मुले आहेत, मुलांच्या आग्रहावरून एका दिवसाची पिल्ले आणायचा विचार चालू आहे. तर किती आणि कोणती पिल्ले घ्यावीत, ती जगवावीत कशी आणि मुलांवर कोणती कामे सोपवावीत. आम्ही खानापूर तालुक्यात घरच्यापुरत्या कोंबड्या अनेक वर्षांपासून पाळतो, त्या अनुभवावरून लिहितो.

माझे मत प्रथमच सांगतो. आपल्या भागात लहान पिल्ले गारठ्याने आणि ओलीने जितकी दगावतात तितकी रोगाने दगावत नाहीत, आणि पुष्कळदा रोगही त्या ओलीतूनच येतो. म्हणून कोरडी, उबदार जागा तयार झाल्याशिवाय पिल्ले घरात आणू नयेत, मुलांनी कितीही घाई केली तरी.

हंगामाचा विचारही याच कारणासाठी करावा लागतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फूट उंचीवर आहे, जून ते सप्टेंबर हवेत सतत ओल असते, आणि खानापूरच्या जंगलपट्ट्यात तर आठवडे आठवडे ऊन दिसत नाही. अथणीसारख्या कोरड्या तालुक्यात पावसाळ्यातही पिल्ले काढता येतात, कारण तिथली खरी अडचण उन्हाळ्याची असते. परंतु आपल्याकडे दसऱ्यानंतर, पाऊस पूर्ण ओसरल्यावर सुरुवात करणे सर्वांत चांगले. ऑक्टोबरअखेरीस आणलेल्या पिल्लांना डिसेंबरची थंडी पडेपर्यंत पिसे फुटलेली असतात.

कोणती पिल्ले घ्यावीत याबाबत, पहिल्या वेळी गिरिराजा किंवा स्वर्णधारा यांसारखी परसातल्या पालनासाठी काढलेली जात निवडावी. गिरिराजा ही जात बेंगळुरूच्या हेब्बाळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयात विकसित झाली असून ती आपल्या राज्यात सर्वत्र परिचित आहे. ती दणकट असते, उष्टे-खरकटे आणि परड्यातले किडे-गवत खाऊन वाढते आणि गावठी कोंबडीपेक्षा कितीतरी जास्त अंडी देते. कडकनाथाची चर्चा फार ऐकू येते, पण तो मुख्यतः मांसासाठी पाळला जातो आणि अंडी कमी देतो, त्यामुळे घरच्या अंड्यांसाठी मी तो सुचवणार नाही. बाजारात लाल-हिरव्या रंगात बुडवलेली जी पिल्ले मुलांना भुरळ घालतात, ती बहुधा अंड्यांच्या कोंबड्यांच्या उबवणीतून बाजूला काढलेली नर पिल्ले असतात. त्यांच्यापासून अंडी मिळणार नाहीत, आणि प्रवासाच्या हालांमुळे त्यांतली पुष्कळशी चार दिवसांत मरतात. मुलांच्या पहिल्याच अनुभवात असे मरण येऊ नये, म्हणून ती कृपया घेऊ नका.

संख्या २० पुरेशी आहे. नर-मादी न निवडलेल्या पिल्लांत साधारण निम्मे नर निघतात, काही पिल्ले दगावतात, आणि शेवटी आठ-नऊ तलंगा, म्हणजे अंड्यावर येणाऱ्या तरुण कोंबड्या, हाती राहतात. सहा माणसांच्या घराला तेवढ्या पुरतात. या निम्म्या नरांचे काय करायचे हे पिल्ले आणण्यापूर्वीच घरात ठरवावे, आणि मुलांसमोर ठरवावे. तीन-चार महिन्यांत कोंबडे आरवू लागतात, एकमेकांशी झुंजतात आणि तलंगांना हैराण करतात; तोवर मुलांनी त्यांना नावे दिलेली असतात. ते विकायचे, घरी कापायचे की कुणाला पाळायला द्यायचे, हे आधी सांगितलेले असले तर मुले ते समजून घेतात, परंतु एखाद्या रविवारी अचानक ते घडले तर मुलांचा मोठ्यांवरचा विश्वास जातो. अंड्यांसाठी कोंबडा लागतोच असे नाही. तो नसला तरी तलंगा अंडी घालतात, फक्त त्या अंड्यांतून पिल्ले निघत नाहीत.

आता उबेची जागा. पडवीत किंवा रिकाम्या खोलीत, वारा लागणार नाही अशा ठिकाणी, पत्र्याचे किंवा जाड पुठ्ठ्याचे दीड फूट उंच आणि चार फूट व्यासाचे गोल कडे उभे करावे. कडे गोलच हवे, कारण चौकोनी खोक्यात पिल्ले थंडीने कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात. खाली भाताचे तूस दोन-तीन इंच पसरावे. आपल्याकडे भाताच्या गिरणीवर ते सहज मिळते. नुसत्या गुळगुळीत वर्तमानपत्रावर पिल्ले ठेवू नयेत, पाय घसरून ते कायमचे फाकतात. पहिल्या दिवशी खाणे सापडावे म्हणून तुसावर गोणपाटाचा तुकडा अंथरून त्यावर मक्याचा बारीक भरडा टाकणे अधिक चांगले.

उबेसाठी जुन्या पद्धतीचे तारेचे बल्ब लागतात, एलईडीची ऊब पुरत नाही. एकच मोठा बल्ब लावण्याऐवजी ४० किंवा ६० वॅटचे दोन लावावेत, म्हणजे रात्री एक गेला तरी दुसरा चालू राहतो. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर सुमारे ३५ अंश सेल्सियस तापमान असावे आणि पुढे दर आठवड्याला बल्ब थोडा वर घेऊन ते तीनेक अंशांनी कमी करत जावे. मात्र थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे पाहणे अधिक खात्रीचे असते. सगळी बल्बाखाली दाटून चिवचिवाट करत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे. कड्याला चिकटून चोच उघडी ठेवून धापा टाकत असतील तर ऊब जास्त झाली आहे. आणि सर्वत्र विखरून, काही खात, काही पाय ताणून झोपलेली दिसली तर सर्व ठीक आहे. वीज गेल्यास गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून कड्यात ठेवाव्यात आणि वरून पोते टाकून थोडी फट ठेवावी. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नये, तिचा धूर पिल्लांनाही मारतो आणि माणसांनाही.

पिल्ले घरी आली की प्रत्येकाची चोच एकेकदा कोमट गूळपाण्यात बुडवावी, म्हणजे पाणी कुठे आहे ते त्याला कळते. भांडे उथळ असावे आणि त्यात गोटे घालावेत, नाहीतर पिल्लू भिजते आणि भिजलेले पिल्लू फार वेळ टिकत नाही. पहिल्या रात्री झोपण्यापूर्वी चार-पाच पिल्ले हातात घेऊन गळ्याखालची अन्नाची पिशवी बोटाने चाचपावी: ती मऊ आणि भरलेली लागली तर पिल्लू खाते-पिते आहे, रिकामी लागली तर त्याला पुन्हा पाण्याशी न्यावे. पहिल्या आठवड्यात काही पिल्लांच्या शेपटीखाली विष्ठा चिकटून वाळते आणि मार्ग बंद होतो; कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने ती हळूहळू मऊ करून काढावी, ओढू नये, आणि पिल्लू कोरडे करूनच परत सोडावे. हे काम आमच्याकडे आई करतात, आणि आपल्याकडेही आईंकडेच द्यावे असे मला वाटते, कारण त्याला घाई नसलेले हात लागतात.

पहिले दोन महिने पिल्लांचे तयार खाद्यच द्यावे, त्यात २० टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात. नुसत्या तांदळाच्या कणीवर पिल्ले जगतात पण वाढत नाहीत. अंड्यावरच्या कोंबड्यांचे खाद्य मात्र पिल्लांना कधीही देऊ नये, त्यातल्या जास्त चुन्याने त्यांची मूत्रपिंडे बिघडतात.

लसीकरणाबाबत कोणतीही तडजोड करू नका. मानमोडी, म्हणजेच राणीखेत, एकदा गल्लीत शिरली की तिच्यावर औषध नाही. हिरवट हगवण लागते, मान मुरगळते आणि तीन-चार दिवसांत खुराडे रिकामे होते. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीवरच्या लासोटा लसीचा एकेक थेंब डोळ्यात किंवा नाकात घालावा, १४ व्या दिवसाच्या सुमारास गंबोरो या पिल्लांच्या रोगाची लस, चौथ्या आठवड्यात लासोटाची दुसरी मात्रा, सहाव्या आठवड्यात कोंबड्यांच्या देवीची लस आणि आठव्या आठवड्यात मानमोडीचे इंजेक्शन द्यावे. नेमके वेळापत्रक आपल्या जवळच्या जनावरांच्या दवाखान्यात पक्के करून घ्यावे. लसीची बाटली बहुधा निदान १०० मात्रांची असते आणि विरघळवल्यावर दोन तासांत संपवावी लागते, म्हणून शेजारच्या चार घरांशी बोलून एकाच दिवशी सर्वांची पिल्ले टोचून घेणे सोयीचे पडते. बाटली बर्फातच आणावी. घरातील वडीलधारे हळदीचे पाणी द्यायला सांगतील. अवश्य द्यावे, परंतु ते लसीची जागा घेत नाही. तीन ते सहा आठवड्यांच्या दरम्यान विष्ठेत रक्त दिसले तर ती रक्ती हगवण असते. त्याच दिवशी डॉक्टरांकडून औषध आणावे आणि ओले तूस संपूर्ण बदलावे.

पाच-सहा आठवड्यांनी पिल्ले दिवसा परड्यात सोडता येतात. त्याआधी रात्रीचे खुराडे बांधून ठेवावे: १२ मोठ्या पक्ष्यांना सहा फूट बाय चार फूट जागा पुरते, जाळी अर्ध्या इंचाची असावी आणि ती जमिनीत फूटभर पुरावी, कारण मुंगूस आणि घूस खालून उकरून येतात. दिवसा घारीची भीती असते. पेरूच्या किंवा जास्वंदीच्या झाडाखाली आडोसा असला तर पिल्ले आपोआप तिथे लपतात.

मुलांच्या कामांविषयी माझे म्हणणे असे आहे की, काम खरे असावे पण अंतिम जबाबदारी मोठ्याचीच असावी. ९ वर्षांच्या मुलाकडे सकाळी भांडे घासून पाणी भरणे आणि तिन्हीसांजेला पक्षी मोजून दार लावणे द्यावे. ६ वर्षांच्या मुलाने खाणे टाकावे आणि पुढे अंडी गोळा करावीत. मोजणी झाल्यावर कडी मात्र आपण स्वतः जाऊन पाहावी, कारण एका रात्रीची उघडी कडी मुंगसाला पुरेशी होते आणि तो दोष मुलाच्या डोक्यावर कायमचा राहतो. पिल्लाला हात लावल्यावर साबणाने हात धुणे आणि पिल्लू तोंडाजवळ न नेणे हे दोन नियम दोघांनाही पहिल्या दिवसापासून लावावेत. निरोगी दिसणाऱ्या पिल्लांच्या विष्ठेतूनही मुलांना जुलाब होऊ शकतात.

पाचव्या-सहाव्या महिन्यात तलंगांचे तुरे लाल होऊ लागले की खुराड्यात तूस घातलेली दोन खोकी ठेवावीत आणि तेव्हापासून अंड्यावरच्या कोंबड्यांचे खाद्य सुरू करावे. सुधारित जातीच्या कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत, म्हणजे अंडी उबवायला बसत नाहीत, म्हणून पुढच्या वर्षी पिल्ले घरीच काढायची असतील तर एक कोंबडा ठेवावा आणि कुणाकडून तरी एखादी गावठी कोंबडी आणावी. ती खुडूक झाली की तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवली तर २१ दिवसांनी पिल्ले निघतात आणि तिच्या पंखाखाली बल्बाची गरज पडत नाही.