जेलीफिशच्या टाकीला कोपरे का नसतात?

प्रश्न : कॅलिफोर्नियात मुलीकडे गेलो असता माँटेरे बे मत्स्यालय पाहिले. तेथील जेलीफिशच्या काही टाक्या आतून गोलाकार होत्या. ही केवळ सजावट असते का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नाही, त्या गोलाईवरच त्या जिवाचे प्राण अवलंबून असतात. जेलीफिश हा मासा नव्हे. त्याला हाडे नाहीत, मेंदू वा हृदयही नाही आणि शरीराचा सुमारे ९५ टक्के भाग पाणीच असतो. छत्रीसारखे अंग आकसून तो पुढे सरकतो खरा, पण प्रवाहाविरुद्ध जाण्याचे बळ त्याच्यात नसते. त्यामुळे चौकोनी टाकीत तो कोपऱ्यात अडकतो किंवा पाणी बाहेर नेणाऱ्या जाळीला चिकटतो आणि त्याची नाजूक छत्री फाटते. यावर उपाय म्हणजे ‘क्रायझेल’ टाकी. या जर्मन शब्दाचा अर्थ भोवरा, आणि नाव अगदी चपखल आहे, कारण आतले पाणी मंद गतीने गोल फिरत राहून जेलीफिशला भिंतींपासून दूर, अधांतरी ठेवते.

मून जेलीफिश आपण पाहिला असेलच. त्याच्या पारदर्शक छत्रीत घोड्याच्या नालासारखे चार आकार दिसतात. त्या त्याच्या जननग्रंथी होत.

पावसाळ्यात जुहू-गिरगावच्या किनाऱ्यावर येणारे निळे ‘ब्लू बॉटल’ मात्र जेलीफिश नव्हेत. तो अनेक जीवांचा एकत्र समूह असतो. किनाऱ्यावर मेलेला दिसला तरी त्याचा दंश होऊ शकतो, म्हणून मुलांना त्याला हात लावू देऊ नये.