ट्रेब्लिंकाला ‘छळछावणी’ म्हणावं का?

ट्रेब्लिंका म्हणजे दुसऱ्या महायुद्धात नाझींनी व्याप्त पोलंडमध्ये ज्यूंना मारण्यासाठी उभारलेली जागा. प्रश्न असा आहे: ‘वॉर्सातल्या ज्यूंना ट्रेब्लिंकाच्या छळछावणीत ठेवण्यात आलं’ या वाक्यात ‘छळछावणी’ भडक वाटतो. मूळ शब्द ‘कॉन्सन्ट्रेशन कॅम्प’, आणि कॉन्सन्ट्रेशन म्हणजे नुसतं एकत्र आणणं. मग ‘बंदीछावणी’सारखा तटस्थ शब्द का वापरू नये?

माझं मत उलट आहे. या वाक्यात ‘छळछावणी’ भडक नाही, तोकडा आहे.

आधी तटस्थपणाचं बघू. ‘कॉन्सन्ट्रेशन कॅम्प’साठीचा ‘कोन्त्सेन्त्रात्सिओन्सलागर’ हा जर्मन शब्द छावण्या चालवणाऱ्या नाझींचाच. मार्च १९३३ मध्ये जर्मनीत दाखाऊची छावणी उघडली तेव्हा तिथे मुख्यतः कम्युनिस्ट आणि समाजवादी कोंबले होते. खटला नाही, शिक्षा नाही, सुटकेची तारीख नाही. या अटकेला सरकारी नाव होतं ‘शुत्सहाफ्ट’, म्हणजे ‘संरक्षणासाठी कोठडी’! नोव्हेंबर १९३८ मध्ये ज्यूंची प्रार्थनास्थळं जाळली गेली, त्या दिवसांत सुमारे ३०,००० ज्यू पुरुषांना पकडून दाखाऊ, बुखेनवाल्ड आणि झाक्सेनहाउझेनला नेलं. मारहाण, उपासमार, तासन्‌तास हजेरीला उभं करणं. देश सोडायच्या बोलीवर त्यांतले बरेच जण सुटलेही. या जागांना मराठीनं ‘छळछावणी’ म्हटलं आणि सरकारी बुरखा फाडला. शिवाय दोन्ही शब्दांतल्या ‘छ’मुळे तो जिभेवर बसतोही. मला हा आपल्या भाषेनं घडवलेल्या उत्तम शब्दांपैकी एक वाटतो. ‘एकत्रीकरण’ वगैरे करून तो मिळमिळीत करू नये.

आता ट्रेब्लिंका. छावणी म्हटलं की मुक्काम आला. सैन्याची छावणी असो की दुष्काळातली चारा छावणी, तिथे कुणीतरी राहतं. ट्रेब्लिंकाच्या संहाराच्या जागेत राहण्याचा प्रश्नच नव्हता. सगळा आवार जेमतेम चारशे मीटर बाय सहाशे मीटर. तेवढ्यात सुमारे आठ ते नऊ लाख माणसं मारली गेली. ती मावली कारण त्यांना ठेवायचंच नव्हतं. गाडी यायची, कपडे उतरवायला लावायचे, कुंपणांमधल्या अरुंद वाटेनं हाकलायचे आणि इंजिनाच्या धुरानं कोठड्यांत गुदमरवून मारायचे. बहुतेकांना उतरल्यापासून काही तासही मिळाले नाहीत. मागे ठेवले जात ते प्रेतं आणि सामान हलवायला लावलेले काहीशे ज्यू. पुढे तर तिथे खोटं रेल्वेस्थानक उभारलं. त्यावरच्या घड्याळाचे काटे रंगवलेले होते. (जवळच सक्तमजुरीची वेगळी छावणी होती. तिला ‘छळछावणी’ जरूर म्हणावं.)

वॉर्साच्या घेट्टोतून, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतून, २२ जुलै १९४२ पासून लोकांना न्यायला सुरुवात झाली. सप्टेंबरपर्यंत अडीच लाखांहून जास्त माणसं तिकडे पाठवली गेली. त्यासाठीचा जर्मन शब्द होता ‘उमझीडलुंग’. त्याला मराठी प्रतिशब्द शोधला तर ‘पुनर्वसन’च सापडतो, आपल्याकडे धरणग्रस्तांच्या कागदांवर असतो तोच. स्वतःहून स्टेशनवर येणाऱ्याला तीन किलो पाव आणि एक किलो जॅम मिळेल, असं जाहीर केलं होतं. भुकेनं अर्धमेली झालेली कुटुंबं त्या पावासाठी मुलाबाळांसह चालत गेली.

म्हणून ट्रेब्लिंका, सोबिबोर, बेल्झेत्स आणि खेल्मनो या चार ठिकाणांसाठी मी ‘संहारस्थळ’ लिहितो. ‘मृत्युछावणी’ बराच रूढ आहे, चुकीचाही नाही, पण त्यात छावणी उरतेच. ऑशविट्झला मात्र दोन्ही शब्द लागतात: तिथे छळछावणीही होती आणि शेजारी बिर्केनाउमध्ये गॅसच्या कोठड्याही. गाडीतून उतरल्यावर काहींना कामाला लावत, बहुतेकांना लगेच मारत.

मूळ वाक्यात मला खरी खटकते ती क्रिया. ‘ठेवण्यात आलं’ काढा. ‘वॉर्सातल्या ज्यूंना ट्रेब्लिंकाला नेऊन मारण्यात आलं’ असं लिहा. मग छावणी हा शब्द लागणारच नाही.