कानातलं आधी, कागदावरचं मग

तू पाठवलेल्या चारही कविता वाचल्या. शब्द चांगले, पण चाल उसनी वाटते. तुझी चाल कुठाय? लहानपणी कानावर काय पडलं, ते आधी आठव.

माझं सांगतो. नागपूरच्या महाल भागात राहायचो. भाद्रपदात भुलाबाई (भोंडल्यासारखा पोरींचा गाण्यांचा सण) बसली की कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी टिपऱ्या आणि गाणी. पोरी गायच्या, आम्ही पोरं खिरापत ओळखायला टपलेलो. डबा हलवून आवाज ऐकायचा: खडखड वाजलं तर फुटाणे! गाण्यांचे अर्थ कळत नव्हते, ठेका मात्र मुरला. पुढे मुक्तछंद लिहू लागलो तरी ओळ त्याच टिपरीवर तुटते, हे मला चाळिशीत कळलं.

अभंगाचंही तसंच. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं. शेवटचा चरण तोकडा, म्हणून तिथे श्वास थांबतो. आजीबरोबर म्हटले असशील तर बोटांवर मोजावं लागत नाही.

आवडती दहा गाणी वहीत उतरव, चाल न लावता मोठ्यानं वाच. निम्मी कोसळतील, बघच. उरतील त्यांच्याशी तुझं नातं आहे. आणि हो, 'वेदना' हा शब्द तूर्त बाजूला ठेव. चार कवितांत सात वेळा आलाय बाप्पा!