हार्ड डिस्क झोपल्या, म्हणजे काम नसल्याने फिरायच्या थांबल्या, की संगणकाच्या कॅबिनेटचा पंखा आपोआप हळू करता येतो का, की तो कायम फुल स्पीडलाच ठेवावा?

करता येतो आणि करावाच. ‘फुल ठेवा, विषय संपला’ म्हणणाऱ्यांच्या उशाशी ती पेटी नसते.

आमच्या नागपूरच्या घरी जुन्या डेस्कटॉपचा सर्व्हर केला. चार डिस्क, घरातले सगळे फोटो त्यात. जागा होती ती फक्त बाबांच्या खोलीत. दादा पुण्याहून फोनवर बजावायचा, “पंखा कमी करू नकोस. पंखा तीनशेचा, डिस्क दहा हजारांची.” बाबा काही बोलले नाहीत. आठवड्याभरात त्यांनी आपली गादी हॉलमध्ये नेली.

मग मी स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम, लिहिली. दहा मिनिटं काम नसलं की डिस्क थांबायच्या आणि दर पंधरा मिनिटांनी लिनक्सवरच्या स्मार्टसीटीएल (smartctl) कमांडने तापमान वाचून पंख्याचा वेग ठरायचा. बाबा खोलीत परत आले. तिसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाले, “पंखा शांत आहे रे, पण आतलं काहीतरी सारखं घुर्र करून उठतं.” त्या रात्री मी तिथेच बसून राहिलो. आधी बारीक ‘टक्’, मग चढत जाणारी घरघर. स्मार्टमधला, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते त्या नोंदींतला, स्टार्ट-स्टॉप काउंट (डिस्क किती वेळा सुरू झाली तो आकडा) बघितला तर रोज नव्वदच्या वर वाढत होता. झोपलेल्या डिस्कला तापमान विचारून माझीच स्क्रिप्ट उठवत होती. दादा म्हणाला, “सांगितलं होतं ना!” पण पंखा कमी केला ही चूक नव्हतीच, चूक विचारायच्या पद्धतीत होती.

एचडीपार्म (hdparm) या दुसऱ्या कमांडचा कॅपिटल सी (-C) पर्याय फक्त डिस्कची अवस्था सांगतो, तिला उठवत नाही. स्मार्टसीटीएलला ‘एन स्टँडबाय’ (-n standby; स्टँडबाय म्हणजे झोपलेली अवस्था) लावलं की झोपलेल्या डिस्कला तो हात लावत नाही. चारही डिस्क स्टँडबायमध्ये असतील तर मी पीडब्ल्यूएम, म्हणजे पंख्याचा वेग ठरवणारा आकडा, २५५ पैकी ७० वर आणतो. एक जरी जागी असली तरी तिच्या तापमानाप्रमाणे वाढवतो. डिस्क थांबल्यावर लगेच वेग उतरवू नका, आतली उष्णता निघायला दहा मिनिटं द्या. लिनक्सच्या कर्नेल (गाभ्याच्या) ५.६ आवृत्तीपासून डिस्कचं तापमान वाचणारं ड्राइव्हटेम्प मॉड्यूल आलंय, पण काही डिस्कवर त्याने तापमान वाचलं की झोपायचा टायमर पुन्हा शून्यापासून सुरू होतो.

आणि डिस्क गार म्हणजे आयुष्य जास्त, हे दादाचं गृहीतकही तितकं खरं नाही. गूगलने २००७ मध्ये आपल्या लाखभर डिस्कचा अभ्यास मांडला. त्यात फार गार डिस्कच जास्त बिघडलेल्या दिसल्या. उष्णतेचा त्रास दिसला तो फारच तापलेल्या, त्यातही जुन्या डिस्कना. दादाला तो पेपर पाठवला होता, त्याने उघडलाही नाही.

पंखा पूर्ण बंद मात्र करू नका, मदरबोर्डलाही हवा त्याचीच मिळते. लिनक्स तापमान-पंख्याच्या चिपना एचडब्ल्यूमॉन (hwmon) असे क्रमांक देतं; रीबूटनंतर तो क्रमांक बदलू शकतो, म्हणून स्क्रिप्टमध्ये चिप नावाने शोधा. स्क्रिप्ट मधेच बंद पडली तर पंखा कमी वेगावरच अडकून राहतो, त्यामुळे बाहेर पडताना ताबा पुन्हा बायोसकडे, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या प्रोग्रामकडे, जाईल असं लिहा. तीन पिनचा पंखा असेल तर बोर्ड व्होल्टेजने वेग बदलू देतो का, ते आधी बघा. आणि हे ७० हिवाळ्याचं. मे महिन्यात आमच्याकडे खोलीच चाळिशीला जाते, तेव्हा मी १२० च्या खाली येत नाही. त्या दिवसांत बाबा कूलर लावून झोपतात, त्याच्या आवाजात पंखा ऐकूच येत नाही.